टाच टेकवत नाही

मी फिजिओथेरपिस्ट, इथे तुमच्या दुखण्यांच्या पत्रांना उत्तरं देते. या खेपेला मान आणि गुडघ्यांची पत्रं मागे ठेवलीत. टपालात टाचेचीच पत्रं जास्त होती, त्यातली चार घेतली. पहिलं पत्र मोठं आहे आणि उत्तर त्याहून मोठं. मधलं गाळून वाचलंत तरी माझा राग नाही, फक्त गाळलेलंच नंतर फोन करून विचारू नका.

प्रश्न : ताई, माझी आई ४६ वर्षांची आहे. हर्णैच्या बंदरावर लिलावात मासळी घेते आणि आजूबाजूच्या वाड्यांत दारोदार विकते. चौदा महिने झाले, तिची उजवी टाच दुखतेय. सकाळी उठल्यावर पहिली दहा-बारा पावलं भिंत धरून टाकते, मग जरा मोकळी होते. दुपारी बसून उठली की पुन्हा तेच. एक्स-रेत हाड वाढलंय म्हणाले. टाचेत दोन इंजेक्शनं झाली. पहिल्याने महिना-दीड महिना बरं वाटलं, दुसऱ्याने जेमतेम पंधरा दिवस. मग पंधरा दिवस मशीनचा शेक घेतला. आता एक डॉक्टर शॉकवेव्ह घ्या म्हणतात, दुसरे म्हणतात तिचंच रक्त काढून टाचेत देऊ. मामा म्हणतो, टाचेला तापल्या सळईचा डाग देऊन ये. ऑपरेशन आईला नकोच आहे. आमच्याकडून पैसे एकदाच खर्च होतील, तर ते कशावर करू?
– बी.कॉम.ची विद्यार्थिनी, दापोली तालुका

उत्तर : तुझं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. बहुतेक लोक विचारतात, ‘सगळ्यात चांगला उपाय कुठला?’ तू विचारलंस, एकदाच पैसे आहेत तर कुठे घालू. डॉक्टरांना हाच प्रश्न विचारायला हवा आणि नेमका तोच विचारायला लोक लाजतात.

आधी त्या वाढलेल्या हाडाचं भूत उतरवू. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यातून एक जाड, चिवट पट्टी जाते, तिला प्लांटर फॅशिया म्हणतात. आईला होडीचा दोर आठव म्हणावं. दोर मध्ये तुटत नाही, खुंटाला बांधलेला असतो तिथे घासून विसकटतो. ही पट्टीसुद्धा टाचेच्या हाडाला जिथे चिकटते तिथेच, आतल्या बाजूला, कुरकुरते. रात्रभर पाऊल सैल पडलेलं असतं, पट्टी आखडून बसते. सकाळी त्यावर एकदम अंगाचा भार पडतो, म्हणून पहिली पावलं जीव घेतात. एक्स-रेत दिसणारं हाडाचं टोक कितीतरी लोकांच्या टाचेत असतं आणि त्यांना काही दुखत नसतं. माझ्या डाव्या टाचेत आहे. दुखली ती उजवी.

दुसरी गोष्ट सुजेची. २००३ साली अमेरिकेत ५० ऑपरेशनांत काढलेले या पट्टीचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले. सुजेच्या पेशी सापडल्या नाहीत, दिसले ते झिजलेले, विसकटलेले तंतू. जुन्या टाचदुखीत सूज कमी आणि झीज जास्त, हे एकदा लक्षात घेतलं की पुढचा सगळा हिशेब सोपा होतो. कुठल्याही उपायाला दोनच प्रश्न विचारायचे. तू वेदना दाबतोस की पट्टी मजबूत करतोस? आणि किती दिवसांसाठी?

इंजेक्शनापासून सुरू करू, कारण आईची दोन झालीत. ते स्टिरॉइडचं असतं आणि वेदना खरंच दाबतं. ऑस्ट्रेलियात ८२ रुग्णांना सोनोग्राफीत बघून अगदी नेमक्या जागी ते दिलं होतं. चार आठवड्यांनी त्यांची वेदना खोटं इंजेक्शन घेतलेल्यांपेक्षा कमी होती. आठ आणि बारा आठवड्यांनी वेदनेत फरक उरला नव्हता. म्हणजे आईच्या बाबतीत वेगळं काही झालेलं नाही, इंजेक्शन जेवढं चालतं तेवढं चाललं. पण ते पुन्हा पुन्हा घेतलं तर टाचेखालची चरबीची गादी विरळ होऊ शकते आणि कधीकधी पट्टी तुटते. तिसरं घेऊ नका. तळव्यात अचानक टणकन काही तुटल्यासारखं झालं, काळंनिळं पडलं, तर डोक्यावरची मासळीची पाटी तिथेच उतरवायची आणि डॉक्टर गाठायचा.

इथे माझी फजिती सांगायलाच हवी. २०१७ साली मी आमच्या रत्नागिरीच्या घरातली जुनी जमीन काढून चकचकीत लादी बसवली. आजीच्या वेळी तिथे शेणाने सारवलेली भुई होती, पाय कसा बसायचा! नव्या लादीवर मी वर्षभर अनवाणी वावरले, दिवसभर दवाखान्यात उभी राहिले आणि टाच धरली. पुढच्या वर्षी भाचीचं लग्न होतं. मी फिजिओथेरपिस्ट, रोज लोकांना व्यायाम शिकवणारी. व्यायाम केला नाही, इंजेक्शन घेऊन आले. लग्नात मनसोक्त नाचले. पाचव्या आठवड्यात दुखणं जसंच्या तसं परत हजर. मग मुकाट्याने पायरीवर उभी राहिले, पुढे सात महिने लागले. तेव्हापासून व्यायाम न करणाऱ्या रुग्णावर ओरडताना माझा आवाज जरा खाली असतो.

मशीनचा शेक म्हणजे बहुधा जेल लावून गोल गोल फिरवतात ते अल्ट्रासाउंड. टाचदुखीत ते खोट्या उपचारापेक्षा सरस ठरलेलं नाही. मी स्वतः ते कित्येक वर्षं दिलं. यंत्र महागाचं होतं, रुग्णाला ‘काहीतरी केलं’ असं वाटायचं, मलाही. आता ते कोपऱ्यात झाकून ठेवलंय, त्यावर नोंदवही ठेवते. त्या पंधरा दिवसांचे पैसे गेले असं समज.

शॉकवेव्ह ही वेगळी जात आहे. नावाने घाबरू नका, विजेचा शॉक नसतो. १९८० साली जर्मनीत म्युनिकमध्ये किडनीतले खडे बाहेरून फोडण्यासाठी ध्वनीच्या दाबलहरी पहिल्यांदा माणसावर वापरल्या. त्याच तंत्राची सौम्य आवृत्ती पुढे टाचेवर आली आणि २००० साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने टाचदुखीसाठी यंत्राला मान्यता दिली. साधारण एकेक आठवड्याच्या अंतराने तीन बैठका, दर बैठकीत सुमारे दोन हजार ठोके. लागतं, अगदी चांगलंच लागतं. हाडावर कुणी टकटक हातोडी मारतंय असं वाटतं. दोन-तीन दिवस ठसठसतं आणि खरा फायदा कळायला सहा ते बारा आठवडे जातात. जुन्या, व्यायामाला दाद न देणाऱ्या टाचेसाठी याला बऱ्यापैकी आधार आहे. गरोदर बाई, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणारे, त्या जागी जंतुसंसर्ग किंवा गाठ असणारे यांनी घ्यायचं नाही.

रक्त काढून द्यायचा प्रकार म्हणजे पीआरपी. दंडातून रक्त काढतात, यंत्रात गरागरा फिरवून त्यातला प्लेटलेटचा भाग वेगळा करतात आणि टाचेत टोचतात. स्टिरॉइडशी तुलना केली तर काही अभ्यासांत तीन-सहा महिन्यांनी पीआरपी पुढे दिसतं, काहींत दोघं बरोबरीत. पहिला आठवडाभर दुखणं उलट वाढतं. शिवाय प्रत्येक ठिकाणी बनवायची पद्धत वेगळी, त्यामुळे एकीकडचं पीआरपी आणि दुसरीकडचं पीआरपी ही एकच वस्तू नव्हे. मी याला वाईट म्हणत नाही. पण ज्यांच्याकडे एकदाच पैसे आहेत त्यांच्या यादीत मी हे शॉकवेव्हच्या खाली ठेवते.

रात्री घालायचा स्प्लिंट कुणी सुचवला तर? झोपेत पाऊल ताणून धरणारा तो बूट काहींची सकाळ सुसह्य करतो. पण मे महिन्यात दापोलीत रात्री वीज गेली की तो पहिल्यांदा पायातून निघतो आणि मग कपाटावर जाऊन बसतो. चिकटपट्टीने तळवा बांधणं हे आठवडाभराच्या आरामासाठी चांगलं, पण आईचे पाय रोज खाऱ्या पाण्यात. दुपारपर्यंत टिकणार नाही. लग्न-जत्रेच्या दिवसासाठी ठेवा. डाग देण्याबद्दल पुढच्या पत्रात लिहिलंय, ते मामाला वाचून दाखव.

आता ज्याला पैसे लागत नाहीत त्याकडे येते. तू हे वाचता वाचता आईला समोर बसव.

पहाटे उठल्यावर पाय खाली टेकवायच्या आधी खाटेवरच उजवा पाय डाव्या मांडीवर घ्यायचा. उजव्या हाताने पाचही बोटं मुळाशी धरून नडगीकडे ओढायची. डाव्या हाताच्या अंगठ्याने तळवा चाचपायचा. पट्टी ताणलेल्या तारेसारखी ताठ लागली पाहिजे, नाही लागली तर अजून ओढ. दहा आकडे मोजायचे, सोडायचं, असं दहा वेळा. दिवसातून तीनदा. सकाळचं पहिलं झाल्याशिवाय भुईवर पाय नाही, आणि लिलावाला उकिडवं बसून उठायच्या आधीही चार-पाच वेळा करून मगच उठायचं. हा ताण २००३ साली १०१ रुग्णांवर तपासला गेला, आणि त्या सगळ्यांचं दुखणं किमान दहा महिने जुनं होतं, म्हणजे आईच्याच पंगतीतले. आठ आठवड्यांनी, नुसती पोटरी ताणणाऱ्यांपेक्षा पट्टी ताणणारे बरे होते.

दुसरा व्यायाम कष्टाचा. तुमच्या पडवीच्या पायरीवर उभं राहायचं, खांब धरायचा तोल सांभाळण्यापुरता. पंच्याची घट्ट गुंडाळी करून बोटांखाली घालायची म्हणजे बोटं वर उचललेली राहतात आणि पट्टी ताणली जाते. टाच पायरीच्या बाहेर. आता उजव्या एका पायावर तीन आकड्यांत टाच वर, दोन आकडे थांबायचं, तीन आकड्यांत खाली. बारा वेळा, विश्रांती, पुन्हा बारा, पुन्हा बारा. एक दिवसाआड. एका पायावर जमत नसेल तर पहिला आठवडा दोन्ही पायांवर. हे फार सोपं वाटलं तर त्याचा उपयोग नाही. बाराव्या वेळेनंतर तेरावं जमू नये इतकं जड हवं. दोन आठवड्यांनी तुझी कॉलेजची सॅक आईच्या पाठीला लावायची, त्यात तांदूळ भरायचे आणि दहाच वेळा जमेल इतकं वजन करून चार फेऱ्या. आणखी दोन आठवड्यांनी वजन वाढवून आठ-आठच्या पाच फेऱ्या. डेन्मार्कमध्ये ४८ जणांवर हेच करून पाहिलं. तीन महिन्यांनी या लोकांची टाच नुसता ताण देणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे बरी होती. वर्षाने दोन्ही गट सारखेच झाले. म्हणजे ताणसुद्धा पोचवतो, पण बैलगाडीने.

करताना थोडं दुखलं तर चालेल. दहापैकी तीन-चार इतकं. दुसऱ्या दिवशी सकाळची पावलं नेहमीपेक्षा वाईट पडली तर वजन कमी करायचं, व्यायाम बंद करायचा नाही.

‘ती दिवसभर तंगडतोड करते, तिला आणखी व्यायाम कशाला?’ हा प्रश्न तुझ्या मनात येणार, सगळ्यांच्या येतो. डोक्यावर पाटी घेऊन पाखाडीच्या पायऱ्या चढणं-उतरणं हे हजारो वेळचं हलकं घासणं आहे. दोराला पीळ त्याने बसत नाही. पीळ बसतो तो मोजक्या, जड, सावकाश ओढीने आणि मधल्या विश्रांतीच्या दिवसाने.

आता चप्पल. आई बंदरावर जी रबरी स्लीपर घालते ती आणून उजेडासमोर धर. माझ्याकडे मिरकरवाड्याहून एक बाई येत, त्यांची स्लीपर मी खिडकीशी धरली तर टाचेच्या जागेतून ऊन आरपार आलं. त्या स्वतःच हसायला लागल्या. अशा स्लीपरवर शॉकवेव्हचे हजारो रुपये घालणं म्हणजे भोक पडलेल्या पाटीत बर्फ भरणं. मागे पट्टा असलेली, टाचेखाली बोटभर जाड आणि पुढे थोडी उतरती, पाण्याने न सडणारी सँडल घ्या. सिलिकॉनची वाटी स्लीपरमध्ये ठेवू नका, ओल्या वाळूत ती सरकते आणि पाय मुरगळतो. घरात लादीवर वावरायला वेगळी मऊ जोडी, एमसीआरची (मऊ, बारीक छिद्रांच्या रबराची) चालेल. ती खाटेखालीच असू दे, पहिलं पाऊल तिच्यातच पडलं पाहिजे.

आणि तारखा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते, हे तुला मी सांगायला नको. दरवर्षी ऑगस्टमध्ये माझ्याकडे कोळणींची टाचदुखी येते. दोन महिने घरात बसून पाय मऊ पडतात आणि नारळी पौर्णिमेनंतर एकदम पूर्ण पाटी, पूर्ण फेरी. आईने बंदीत आराम करायचा नाही, तेव्हाच पायरीवरचं वजन वाढवायचं. आज एप्रिलचा मध्य आहे. आजपासून व्यायाम आणि नवी चप्पल. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सकाळच्या पहिल्या पावलाला दहापैकी गुण द्यायचे. आत्ताच्या निम्म्यावर आले असतील तर शॉकवेव्हचे पैसे डब्यातच राहू देत. आले नसतील तर जुलैत लागोपाठ तीन आठवडे तीन बैठका घ्या, व्यायाम चालू ठेवून. ऑगस्टमध्ये पहिला पंधरवडा अर्धी पाटी, निम्मी घरं.

तर पैसे आधी चपलेवर. काही शेकड्यांत काम होईल.

प्रश्न : मी एसटीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर, वय ६३, मधुमेह चौदा वर्षं. दोन्ही टाचा दुखतात. पाय जमनीर टेकूक जमना नाय, असं झालंय. शेजारी सांगतात, वीट तापवून त्यावर रुईचं पान ठेवून टाच शेका. कुणी बिब्बा लावा म्हणतं, कुणी डाग द्या. यातलं काय करू?
– एक वाचक, कुडाळ तालुका

उत्तर : दादा, यातलं काहीही नको. एवढं उत्तर पुरेसं आहे, पण कारण सांगते.

तीन वर्षांपूर्वी तुमच्याच वयाचे एक गृहस्थ माझ्याकडे आले, मधुमेहाचे. टाच दुखते म्हणून आले होते. मोजा काढला तर टाचेवर चहाच्या रंगाचा, रुपयाच्या नाण्याएवढा फोड. तो फोड त्यांना ठाऊकच नव्हता. आदल्या संध्याकाळी विटेवर शेक घेतला होता आणि ‘छान कोमट होती’ असं त्यांचं म्हणणं. बायकोने त्याच विटेला पोतेऱ्यानेसुद्धा हात लावला नव्हता इतकी ती तापली होती. जखम भरायला नऊ आठवडे गेले. पाय वाचला हे नशीब. मधुमेहात तळव्याची जाणीव हळूहळू जाते आणि गेली हे आपल्याला कळत नाही. दवाखान्यात नायलॉनच्या बारीक धाग्याने टोचून ही जाणीव मिनिटभरात तपासतात. ती आधी करून घ्या.

रुईच्या पानाच्या शेकाला मी हसत नाही. ज्याची जाणीव आणि साखर दोन्ही शाबूत आहेत त्याला उबेने तासभर बरं वाटतं, तेवढंच. बिब्बा मात्र कुणालाच नको, त्याच्या तेलाने कातडी भाजते आणि वरचं दुखणं आतल्या दुखण्यापेक्षा मोठं झालं की टाच बरी झाली असं वाटतं!

डाग देण्याचं तसं नाही. सुश्रुतसंहितेत पाऊल वेडंवाकडं पडून होणाऱ्या या दुखण्याला ‘वातकंटक’ म्हटलंय, आणि अग्निकर्म हा आयुर्वेदातला शिकून करायचा उपचार आहे. शिकलेले वैद्य तापलेल्या शलाकेने नेमक्या ठिकाणी टिंबासारखे चटके देतात. काही लोकांना आराम पडल्याचं मी पाहिलंय, त्यावर मोठ्या संख्येने नीट तुलना झालेली माझ्या वाचनात नाही. पण वैद्याकडचं अग्निकर्म वेगळं आणि कुणाच्या तरी अंगणात लोखंडी सळईने डागून घेणं वेगळं. पहिल्या पत्रातल्या मामाला हेच सांगायचंय. आणि मधुमेह असेल तर दोन्ही दारं बंद.

मग तुमच्यासाठी काय? पहिल्या उत्तरातला बोटं ओढायचा ताण करा. पायरीवरचा व्यायाम दोन्ही पायांवर, खुर्ची धरून, जमिनीवरच करा. घरातसुद्धा अनवाणी नाही, अंगणात, खळ्यातही नाही. रोज रात्री तळवे आरशात बघायचे किंवा नातवाला दाखवायचे. स्टिरॉइडचं इंजेक्शन कुणी सुचवलं तर त्याने काही दिवस साखर चढते, म्हणून तुमच्या साखरेच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. टाचेच्या भेगांना भिरंडेल (कोकमाचं तेल) लावताच असाल तर लावत राहा. भेगा भरतील, ही पट्टी नाही.

प्रश्न : वय २४. खेडजवळ कंपनीत नोकरी. दोन्ही टाचा आणि कंबर सकाळी तासभर आखडलेली असते, कामाला लागलं की सुटते. सुट्टीच्या दिवशी उलट जास्त दुखतं. कोणता व्यायाम करू?
– एक वाचक, खेड

उत्तर : आधी व्यायाम नाही, आधी तपासणी. तरुण वय, दोन्ही टाचा, सकाळची आखडलेली कंबर आणि हालचालीने आराम, ही चारही लक्षणं एकत्र आली की मला चपलेचा संशय येत नाही, मणक्याच्या संधिवाताचा येतो. अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस आणि त्याचे भाऊबंद. संधिवाततज्ज्ञांना दाखवा, ते रक्तात एचएलए-बी२७ ही या आजाराशी जोडलेली जनुकीय खूण आणि गरज पडली तर कमरेचा एमआरआय बघतील. डोळा कधी लाल होऊन दुखला असेल तर तेही सांगा, याच आजाराशी त्याचा संबंध असू शकतो. लवकर कळलं तर चांगली औषधं आहेत. टाचेत इंजेक्शन घेत वर्षं घालवलेले दोन मुलगे मी पाहिलेत, दोघांच्याही पाठी तोवर ताठ झाल्या होत्या.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, गुहागरला राहतो. रोज पहाटे समुद्रावर अनवाणी चालतो. दोन महिन्यांपासून डावी टाच दुखते. चालणं बंद करू का? मुंबईचा मुलगा म्हणतो, पायाचं माप देऊन खास इनसोल करून घ्या, खर्च बराच आहे.
– एक वाचक, गुहागर

उत्तर : सर, चालणं बंद करू नका, वाळू बदला. वरच्या कोरड्या, भुसभुशीत वाळूत टाच रुतते आणि प्रत्येक पावलाला पट्टी जास्त ताणली जाते. पाण्यालगतची ओली वाळू घट्ट असते, पण ती समुद्राकडे उतरती. एकाच दिशेने लांब चाललात तर एक पाय कायम खालच्या बाजूला राहतो. तुम्ही जाताना पाण्याकडेने आणि येताना रस्त्याने घरी येत असाल तर डावी-उजवीचा हिशेब पुरा होत नाही. सहा आठवडे बूट घालून चाला आणि वेळ निम्मी करा. दुखणं उतरलं की ओल्या वाळूवर पाच मिनिटं अनवाणी, जेवढं जाल तेवढंच त्याच वाटेने परत. मग दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा.

इनसोलबद्दल ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास सांगते, १३५ लोकांवरचा. माप देऊन केलेले, दुकानात तयार मिळणारे आणि नुसता मऊ फोमचा पातळ तुकडा, अशी तिन्हींची तुलना होती. तीन महिन्यांनी पहिल्या दोन्हींनी चालण्या-वावरण्यात थोडा फायदा दिला आणि दोन्हींचा फायदा सारखाच होता. वर्षाने तिन्ही गट सारखे. दुकानातले तयार घ्या. घ्यायला जाताना बूट सोबत न्या, नाहीतर घरी आल्यावर ते बुटात बसत नाहीत आणि मुलाला पुन्हा फोन करावा लागतो.